दूरच्या जमिनीचे भागधारक

एखाद्या कंपनीच्या शेअरचा भाव सतत घसरू लागला की तिच्या भागधारकांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हाती येईल ते घेऊन बाहेर पडावे. दुसरा म्हणतो, हीच खरेदीची वेळ आहे. मोठ्या वित्तसंस्था या वादात सहसा भाग घेत नाहीत, कारण त्यांनी आपला निर्णय अगोदरच अमलात आणलेला असतो. वाद उरतो तो शिक्षक, कारकून, निवृत्त कर्मचारी आणि छोटे दुकानदार यांच्यात. कंपनीचे शेत किंवा खाण आफ्रिकेसारख्या दूरच्या खंडात असेल, तर या वादाला एक वेगळीच कळा येते. दोन्ही पक्षांपैकी कोणीच ती जागा पाहिलेली नसते.

मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या करुतुरी ग्लोबल या बंगळूरच्या कंपनीची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. गुलाबाच्या फुलांपासून सुरुवात करून या कंपनीने इथिओपियात पाय रोवले आणि २००७ साली केनियातील नैवाशा सरोवराकाठचा एक मोठा पुष्पमळा विकत घेतला. जगातील सर्वांत मोठ्या गुलाब उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. लगेचच २००८ साली जगभर अन्नधान्याचे भाव भडकले आणि शेतजमीन हीच उद्याची संपत्ती, असा विचार सर्वत्र बोलला जाऊ लागला. इथिओपियाच्या सरकारला परकी भांडवल हवे होते. ऑक्टोबर २०१० मध्ये पश्चिमेकडील गांबेला प्रदेशात एक लाख हेक्टर जमीन पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा करार झाला. काम समाधानकारक झाल्यास आणखी दोन लाख हेक्टर मिळण्याची त्यात तरतूद होती. भाडे होते हेक्टरी वर्षाला वीस बिर्र, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा डॉलरच्या आसपास.

एक लाख हेक्टर म्हणजे किती? एक हजार चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईचे सारे क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईच्या दीडपटीहून मोठी जमीन एका भारतीय कंपनीला जवळजवळ फुकट मिळाली, ही बातमी ज्या भागधारकाच्या घरात तीन खोल्या आहेत त्याच्या मनावर काय परिणाम करील, हे सांगावयास नको. भाव घसरू लागल्यावरही हाच युक्तिवाद सर्वाधिक वेळा ऐकू येत असे: कंपनीच्या साऱ्या शेअरांची बाजारात जेवढी किंमत होते, तिच्यापेक्षा नुसत्या जमिनीचेच मोल कितीतरी अधिक आहे, मग भाव वर जाणारच.

या युक्तिवादात दोन दोष आहेत. पहिला कायद्याचा. जमीन कंपनीच्या मालकीची नव्हती, अटींवर दिलेली होती, आणि अटी मोडल्या असे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याच्या हाती होता. दुसरा दोष अर्थशास्त्राचा आहे आणि तो बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखा आहे. जमिनीचा खंड कमी असतो तो जमिनीतून आज मिळणारे उत्पन्न कमी असते म्हणून, हे रिकार्डोने दोन शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे. जिथे रस्ता नाही, वीज नाही, गोदाम नाही, यंत्र नादुरुस्त झाले तर सुटा भाग आणावयास कित्येक दिवस लागतात, तिथली जमीन स्वस्तच असणार. ती स्वस्ताई म्हणजे मालमत्ता नव्हे. उलट, त्या जमिनीत पुढे किती पैसा ओतावा लागणार आहे, याची ती पूर्वसूचना असते.

ही सूचना बारो नदीने फार लवकर खरी करून दाखवली. गांबेलातील जमीन याच नदीच्या पूरक्षेत्रात होती. कंपनीने बारा हजार हेक्टरांवर मका घेतला होता. २०११ च्या शरद ऋतूत पूर आला आणि उभे पीक पाण्याखाली गेले. नुकसानीचा अंदाज दीड कोटी डॉलरच्या घरात होता. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनुआक लोकांना नदी कुठवर चढते हे ठाऊक असणार, यात शंका नाही. पण त्यांचा सल्ला घेण्याची पद्धत अशा करारांत नसते. त्यांच्यापैकी अनेकांची गावे त्याच सुमारास सरकारने दुसरीकडे हलवली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी २०१२ च्या अहवालात या स्थलांतरात सक्ती झाल्याचे नमूद केले. स्थलांतराचा आणि जमिनीच्या करारांचा संबंध नाही, असे इथिओपिया सरकारचे म्हणणे होते. येथला भागधारक मात्र या साऱ्यापासून अनभिज्ञ राहिला. ज्या जमिनीवरचा हक्क तिथल्याच माणसांना मान्य नाही, ती जमीन ताळेबंदात कितीही भक्कम दिसली तरी प्रत्यक्षात डळमळीतच असते. ही गोष्ट नीतीची आहे तशीच शुद्ध व्यवहाराचीही आहे.

केनियातही संकट वेगळ्या वाटेने आले. तेथील फुले दुबईतील संलग्न कंपनीमार्फत कमी किमतीत विकली गेल्याचे दाखवून नफा बाहेर नेला, असा करखात्याचा दावा होता आणि मागणी सुमारे एक कोटी दहा लाख डॉलरची होती. कंपनीने तो दावा अमान्य केला. थकलेल्या वेतनासाठी मळ्यातील कामगारांनी संप केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकेने नैवाशाच्या मळ्यावर आपला व्यवस्थापक आणून बसवला. डिसेंबर २०१५ मध्ये इथिओपियानेही गांबेलाचा करार रद्द केला. एक लाख हेक्टरांपैकी बाराशे हेक्टरच लागवडीखाली आले, असे सरकारने सांगितले. कंपनीला हे रद्दीकरण मान्य नव्हते. तथापि त्या सुमारास २०१० सालचा दोन आकडी भाव रुपया-दोन रुपयांच्या पातळीवर येऊन ठेपला होता.

या घसरणीमागे पूर, कर आणि संप यांच्याइतकेच महत्त्वाचे एक कारण होते, आणि त्याची चर्चा लहान गुंतवणूकदारांत फारच थोडी झाली. तेजीच्या काळात अनेक भारतीय कंपन्यांनी परकी चलनात परिवर्तनीय रोखे विकले. त्यात करुतुरीही होती. रोखेधारकाला मुदतीअखेर ठरलेल्या भावाने शेअर घेता येतात किंवा डॉलर परत मागता येतात. भाव चढा असेल तर तो शेअर घेतो आणि कर्ज आपोआप भांडवल होऊन जाते. भाव पडला असेल तर तो डॉलर मागतो. म्हणजे ज्या वेळी कंपनीजवळ पैसा नसतो नेमक्या त्याच वेळी तिला सर्वाधिक पैसा द्यावा लागतो, आणि रुपया उतरलेला असला तर तोही अधिक. २०१२ साल हे अशा रोख्यांच्या परतफेडीचे होते. पुण्याच्या सुझलॉनला त्या वर्षी ऑक्टोबरात वीस कोटी डॉलरहून अधिक रकमेचे रोखे वेळेवर फेडता आले नाहीत. करुतुरीच्या रोख्यांची मुदतही त्याच महिन्यात संपत होती आणि तिलाही ती पाळता आली नाही. भाव पडणे हा एरवी आजाराचा ताप असतो. इथे तापच आजार वाढवीत होता. असे रोखे काढलेल्या कंपनीचा शेअर “स्वस्त झाला” म्हणून घेणाऱ्याने प्रथम रोख्यांची मुदत पाहावयास हवी होती.

घसरत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी खरेदी किंमत खाली आणण्याची युक्ती फार लोकप्रिय आहे. तिचा हिशेब एकदा मांडून पाहावा. वीस रुपयांनी पाचशे शेअर घेतलेल्या माणसाचे दहा हजार गुंतलेले असतात. भाव पाचवर आल्यावर तो आणखी दहा हजारांचे दोन हजार शेअर घेतो. सरासरी आठ रुपयांवर येते आणि मनाला बरे वाटते. भाव दोन रुपये झाल्यावर त्याच्याजवळ पाच हजारांचे शेअर उरतात, तोटा पंधरा हजारांचा. काहीच केले नसते तर तोटा नऊ हजारांवर थांबला असता. सरासरी खाली आली, तोटा वर गेला! “दोन रुपयांचा शेअर आणखी कुठे पडणार?” हा प्रश्नही असाच फसवा आहे. दोनचा एक झाला की निम्मे भांडवल जाते, मग सुरुवातीचा भाव काहीही असो.

हा भोळेपणा आपल्याकडचाच, असे मात्र कोणी समजू नये. लंडनच्या बाजारातील अफ्रेन ही तेल कंपनी नायजेरियाच्या सागरी क्षेत्रात काम करीत असे. तिचे स्थान बाजारातील मध्यम आकाराच्या प्रतिष्ठित कंपन्यांत होते. ३१ जुलै २०१४ रोजी तिने आपले मुख्याधिकारी उस्मान शाहनशाह आणि त्यांचे निकटचे सहकारी शाहिद उल्ला यांना अनधिकृत रकमा घेतल्याच्या संशयावरून निलंबित केले. शेअरने त्या एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक किंमत गमावली. त्याच काळात जगातील तेलाचा भाव पिंपाला एकशे पंधराच्या जवळून पन्नास डॉलरखाली कोसळत होता. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कुर्दिस्तानातील बार्दा राश क्षेत्रातले सुमारे एकोणीस कोटी पिंपांचे साठे हिशेबातून पुसून टाकले. काल ताळेबंदात असलेले तेल आज नव्हते.

तरीही छोटे भागधारक थांबले, कारण सेप्लॅट ही नायजेरियन कंपनी अफ्रेन विकत घेण्याचा विचार करीत होती. फेब्रुवारीत ती बोलणी फिसकटली. पुढे रोखेधारकांनी नवा पैसा देऊ केला, पण जुन्या भागधारकांचा हिस्सा अगदी अल्प उरेल अशी त्यांची अट होती. लहान भागधारकांनी संघटित होऊन विरोध केला आणि नवे संचालक आपला बळी देत आहेत असे ठणकावून सांगितले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता, पण त्यांच्या हाती जे मत होते त्याची किंमत शेअरच्या किमतीइतकीच उरली होती. जुलै २०१५ मध्ये व्यवहार थांबले, महिनाअखेरीस कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. २०१८ साली लंडनच्या साउथवर्क न्यायालयात दोघा माजी अधिकाऱ्यांवरील फसवणुकीचा आणि काळा पैसा फिरवल्याचा आरोप सिद्ध होऊन त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. तीस कोटी डॉलरच्या एका व्यवहारातून साडेचार कोटींची दलाली त्यांनी परस्पर वळवली होती. भागधारकांना न्याय मिळाला असे म्हणता येईल. पैसे मिळाले नाहीत.

कंपनी बुडते तेव्हा प्रथम तारण घेतलेले सावकार, मग इतर देणेकरी आणि सर्वांत शेवटी समभागधारक, हा क्रम दोन्ही देशांत सारखाच आहे. मुंबईच्या डीएचएफएलच्या भागधारकांनी २०२१ साली त्याचा अनुभव घेतला. कंपनी नव्या मालकाकडे गेली, चालू राहिली, आणि जुन्या शेअरची किंमत शून्य ठरली. “कंपनी वाचली की आपण वाचलो” हे गृहीतकच चुकीचे आहे.

सांगली-कोल्हापूरकडच्या सहकारी साखर कारखान्याचा सभासद कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून गाळप चालू आहे की नाही ते पाहू शकतो आणि वार्षिक सभेत अध्यक्षाला घाम फोडू शकतो. तिथेही गैरव्यवहार होतात, पण ते झाकावयास कष्ट पडतात. गांबेलाच्या भागधारकाचे डोळे म्हणजे कागद. म्हणून कागद नीट मागणे हेच त्याचे काम आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने उपकंपन्यांचे हिशेब उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले आहे. परदेशातील मळा, खाण वा तेलक्षेत्र याच उपकंपन्यांत असते. मूळ कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल वाचून तिथली स्थिती कळत नाही. याच कायद्याच्या १५१ व्या कलमानुसार, ज्यांच्या शेअरांचे दर्शनी मूल्य वीस हजारांपेक्षा अधिक नाही अशा एक हजार किंवा एक दशांश लहान भागधारकांनी, यांपैकी जी संख्या कमी असेल तिने, मागणी केल्यास त्यांच्या वतीने एक संचालक निवडता येतो. २४५ व्या कलमाने शंभर भागधारकांना एकत्रितपणे न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ही दोन्ही हत्यारे जवळजवळ गंजत पडली आहेत. याला भागधारकांची उदासीनता कारण आहे हे खरे, पण सभासदांची यादी मिळवून हजार माणसे जमवण्याचा खर्च कोणी करावयाचा, याचे उत्तर कायद्याने दिलेले नाही. त्यासाठी गुंतवणूकदार संरक्षण निधीचा पैसा वापरण्याची सोपी व्यवस्था व्हावयास हवी.

आणखी एक बाब सरकारच्या सहज हातात आहे. ब्रिटनमध्ये शेअर जवळजवळ निर्मूल्य झाला की तो न विकताही तोटा करआकारणीसाठी दाखवता येतो. आपल्या प्राप्तिकर कायद्यात अशी सरळ तरतूद नाही. भांडवली तोटा धरण्यासाठी हस्तांतर झालेले असावे लागते. पण व्यवहार बंद पडलेला शेअर विकावयाचा कोणाला? बुडालेल्या कंपनीचे शेअर डीमॅट खात्यात वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात, खात्याचे शुल्क भरावे लागते, आणि त्याच वर्षी दुसऱ्या शेअरवर झालेल्या किरकोळ नफ्यावर मात्र कर पूर्ण द्यावा लागतो. येत्या अंदाजपत्रकात एवढी एक दुरुस्ती करण्यास तिजोरीला फार मोठा खड्डा पडणार नाही.