खाऱ्या विहिरी आणि ‘मिनरल’ पाणी

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कोणत्याही खाणावळीत ‘मिनरल’ मागितले की पाण्याची बंद बाटली पुढे येते. त्या पाण्यात खनिजे जवळजवळ नसतातच. यंत्राने ती काढून टाकलेली असतात आणि हाच त्या पाण्याचा गुण मानला जातो. भारतीय मानकांच्या दृष्टीने नैसर्गिक खनिजजल आणि बाटलीबंद पिण्याचे पाणी हे दोन निराळे पदार्थ होत. बाजाराने मात्र दोहोंना एकच नाव देऊन टाकले आहे. ही केवळ शब्दाची गफलत असती तर तिच्यावर हसून पुढे जाता आले असते. परंतु ज्या पट्ट्यात कित्येक विहिरींचे पाणी क्षारांनी जड झाले आहे, त्याच पट्ट्यातील माणसाला क्षार काढलेले पाणी विकत घ्यावे लागते, आणि ह्या व्यवहाराचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही.

युरोपात खनिजयुक्त पाण्याभोवती नगरे वाढली. बोहेमियातील कार्लोव्ही व्हारी येथे योसेफ झीटेक ह्या वास्तुविशारदाने आखलेला स्तंभमंडप १८७१ ते १८८१ ह्या दशकात उभा राहिला. चोचीच्या पेल्यातून झऱ्याचे पाणी घोट घोट पीत त्या मंडपात येरझाऱ्या घालणे हा तेथील उपचाराचाच भाग असे. २०२१ साली युनेस्कोने अशा अकरा नगरांचा जागतिक वारशात समावेश केला. मंडपांची शोभा बाजूला ठेवली तरी त्यांच्या व्यवस्थेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर तेथे नगराचा कर असे. ज्याला पाण्याचा लाभ, त्याच्यावर त्याच्या देखभालीचा भार, असा तो रोकडा न्याय होता.

आपल्याकडील पाणमंडप म्हणजे पाणपोई. तिची परंपरा युरोपातील मंडपांहून कितीतरी जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा बांधल्याची नोंद आहे. पाणपोईतील ‘पोई’ ही त्या प्रपेचीच लेक. चैत्र-वैशाखात रांजण भरून ठेवणे, अक्षय्यतृतीयेला उदककुंभ देणे ही त्याच धर्माची घरगुती रूपे होत. तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ह्या वाटेने जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी देण्यासाठी आजही गावेच्या गावे रस्त्यावर येतात. ह्या परंपरेचे गोडवे गाताना तिचा काळा भाग मात्र झाकता कामा नये. पाणपोईवर पाणी वरून ओतले जाई आणि कोणाला किती अंतरावरून द्यावयाचे हे जातीवरून ठरे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला, आणि तरीही १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. दानावर चालणाऱ्या पाण्यात देणाऱ्याची मर्जी मिसळलेली असतेच.

आता प्रश्न विहिरींचा. निरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तो दुष्काळी मुलखाला संरक्षण म्हणून. पुढे त्या पाण्यावर ऊस आला, आणि उसामागून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखाने आले. पाणी अतोनात मुरले की भूजलाची पातळी वर येते, उन्हाने ओलावा उडून जातो आणि क्षार मागे राहतात; त्यात खतांतील नायट्रेटची भर पडते. हा धोका विसाव्या शतकाच्या आरंभीच कळलेला होता. विश्वेश्वरय्यांनी ह्याच कालव्यावर पाणीवाटपाची ‘ब्लॉक’ पद्धत आखली, तिच्यामागे पाण्याचा बेबंद वापर रोखण्याचाही हेतू होता. सल्ला विसरला गेला. जमीन चिबड झाली आणि आडाचे पाणी मचूळ झाले. इंदापूरच्या उशाशी उजनीचा अथांग जलाशय आहे खरा, परंतु भीमेतून त्यात पुण्याचे सांडपाणी येऊन पडते.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा परभारे लादलेला खर्च होय. उसाचा नफा एकाच्या खात्यावर जमा झाला आणि पाण्याचा तोटा दुसऱ्याच्या घशाखाली उतरला. हा दुसरा माणूस कोण? ज्याची ऐपत आहे, त्याच्या घरात शुद्धीकरणाचे यंत्र आलेले आहे. त्यातून टाकून दिलेले अधिकच खारे पाणी गटारात जाते, तो भाग निराळा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेही घरातील नळासाठी. परंतु आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई, एस.टी. स्थानकावरचा हमाल, गाळप हंगामात बीड-अहिल्यानगरहून येऊन पाचटाच्या कोपीत राहणारे ऊसतोड कुटुंब, ह्यांचा नळ कोणता? त्यांनी एक तर जार विकत घ्यावा, नाही तर शेजारच्या विहिरीवर घागर भरावी. मजुरी कमी तितका पाण्याचा बोजा जड, अशी ही उलटी करआकारणी आहे.

‘फुकट पाणी दिले की ते वाया जाते’ हा आक्षेप अशा वेळी हटकून घेतला जातो. पाटाने रात्रंदिवस वाहणाऱ्या पाण्याविषयी तो इतक्या तत्परतेने घेतला जात नाही, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

पाणपोई परत यावयास हवी, परंतु दान म्हणून नव्हे. ऊसबिलातून विविध निधींसाठी टनामागे कपात करण्याची पद्धत साखर कारखान्यांना नवी नाही. तशीच एक लहानशी कपात पिण्याच्या पाण्यासाठी राखून बाजारतळ, एस.टी. स्थानक, कारखान्याचे आवार आणि तोडणी मजुरांच्या वस्त्या येथे बारमाही पाणपोया चालवता येतील. कालव्याचे किंवा तलावाचे पाणी जेथे मिळते तेथे ते गाळून निर्जंतुक केले तरी बहुधा भागेल. यंत्राची गरज केवळ खाऱ्या विहिरींच्या गावी. प्रत्येक पाणपोईवर क्षार आणि नायट्रेट किती, ह्याचा ताजा तपासणी अहवाल मराठीत लावलेला असावा. येणाऱ्या गाळप हंगामापूर्वी कारखान्यांच्या वार्षिक सभा भरतील, तेव्हा त्यांच्यापुढे हा विषय सभासदांनीच ठेवावा. ऊसतोड मजुराला त्या सभेत मत नसते.