मुकी गाडी

पूर्वीं सहलीच्या गाडींत गाण्याच्या भेंड्या रंगत. यंदां प्रत्येकाच्या कानांत निराळें गाणें होतें आणि गाडी मुकी होती. दोष केवळ मुलांचा नव्हे. यंत्राच्या घडणीचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

१९७९ सालीं जपानांत सोनी कंपनीनें 'वॉकमन' विक्रीस काढला. एकट्यानेंच संगीत ऐकणें असभ्यपणाचें दिसेल, अशी शंका कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांस आली. म्हणून त्यास दोन हेडफोन लावण्याची सोय केली व एक नारिंगी कळ बसविली. ती दाबली कीं गाण्याचा आवाज उतरे व सोबत्याचें बोलणें ऐकूं येई. परंतु गिऱ्हाइकांस ज्याचें त्यास स्वतंत्र यंत्र हवें होतें; पुढील नमुन्यांतून ती कळ गेली.

आतां ब्लूटूथच्या नव्या सोयीनें एकाच यंत्रावरील गाणें अनेकांच्या कानीं एकदम पोंचवितां येतें. यंत्रकारांनीं ही सोय आंत कोठें न दडवितां दर्शनीं ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तथापि कळ दाबणारें बोट आपलेंच असतें. त्या गाडींत आम्हीहि कान झांकूनच बसलों होतों! विद्यार्थिमित्रहो, पुढील सहलींत शेजाऱ्यास एवढेंच विचारा : "काय ऐकतोस?" आम्हीहि विचारूं.