वाटेवरचे पुरावे

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर आक्षी लागते. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये ज्याची गणना होते, तो या गावातला दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस झेलत उभा होता. केसिदेवराय या शिलाहार राजाच्या प्रधानाने देवीच्या बोडण या पूजाविधीसाठी धान्याची सोय लावून दिली, अशी नोंद त्यावर आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला. काही अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, तेव्हा राज्यभर आनंद साजरा झाला. त्या दर्जाला आधार देणारे पुरावे मात्र असे गावोगावी, रस्त्यांच्या कडेला उभे आहेत आणि त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नाही.

महाराष्ट्राचा इतिहास गडकिल्ल्यांवर आहे, तितकाच तो वेशीवर, पारावर आणि ओढ्याकाठी आहे. गावासाठी, गुराढोरांसाठी लढताना पडलेल्या माणसाचा वीरगळ अनेक गावांत आढळतो. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर कलश, अशी त्याची मांडणी असते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ती कळत असे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या समुद्री लढाईशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. दिलेले दान मोडणाऱ्याला शाप देणारी गद्धेगाळ ही कोरीव शिळासुद्धा त्या काळाची कायदेशीर नोंदच होय.

रस्ता रुंद करायला घेतला की यांतले काय उरते? मुंबईत ब्रिटिशांनी सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर कोरून बसवलेले मैलाचे दगड दादर, काळबादेवीसारख्या भागांत फुटपाथच्या थरांखाली गळ्यापर्यंत गाडले गेले होते. महापालिकेने ते वारसा यादीत घेतले आणि त्यांतले काही उकरून पुन्हा उभे केले, हे चांगले झाले. बोरघाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये वाहतुकीसाठी पाडावा लागला. वाहतूक थांबवता येत नाही, हे मान्य आहे. पण पाडण्याआधी मोजमाप, छायाचित्रे आणि नोंद करणे आणि त्या जागी काय होते ते सांगणारा फलक लावणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

खेड्यातल्या दगडाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. तो जेसीबीच्या तोंडी जातो किंवा नव्या गटाराच्या भिंतीत बसतो. कुठे श्रद्धेने त्यावर शेंदराचे आणि ऑइलपेंटचे इतके थर चढतात की अक्षरेच बुजून जातात. राज्यात प्राचीन स्मारकांसाठी १९६० चा कायदा आहे. परंतु त्याचे संरक्षण अधिसूचित स्मारकांना मिळते. वेशीवरचा एकटा वीरगळ सहसा कोणत्याच यादीत नसतो.

स्मृतिचिन्हाचे मोल काय असते, हे पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमाने दाखवून दिले आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशवे यांच्या फौजांमधील १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तेथे आपल्या विजयाचा स्तंभ उभारला. त्यावर इंग्रजी आणि मराठीत मजकूर कोरला आणि पडलेल्या सैनिकांची नावेही लिहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या नावांतल्या महार सैनिकांच्या पराक्रमाकडे त्यांनी समाजाचे लक्ष वेधले. ज्यांचा इतिहास कुणी लिहिला नव्हता, त्यांना आपला पूर्वज रस्त्याकडेच्या एका स्तंभावर भेटला. नावे कोरलेली होती, म्हणूनच हे घडू शकले.

म्हणूनच फलकावर काय लिहायचे, हा प्रश्न फलक लावण्याइतकाच मोलाचा आहे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून घरांवर स्मृतिफलक लावले जातात. हौली प्लेस येथील घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये येथे राहिले, एवढे मोजक्या शब्दांत लिहिले आहे. तेथे व्यक्तीच्या मृत्यूला किमान वीस वर्षे झाल्याखेरीज फलकाचा विचारही होत नाही. आपल्याकडे फलकावर मान्यवरांची नावे मोठी आणि इतिहास बारीक अक्षरात असतो. आक्षीच्या फलकावर १०१२ हे साल लिहावे आणि त्याविषयी मतभेद आहेत, हेही लिहावे. दंतकथा सांगायची तर ती दंतकथा म्हणूनच सांगावी. पुराव्याची शिस्त पाळणारा फलक शाळेतल्या मुलाला इतिहास शिकवतो. ती न पाळणारा फलक भांडणाला कारण होतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. रस्तारुंदीकरणाच्या प्रत्येक निविदेत मार्गावरच्या जुन्या दगडांची नोंद आणि सुरक्षित स्थलांतर ही अट सार्वजनिक बांधकाम विभागाने घालावी. पुरातत्त्व विभागाने मजकूर तपासून द्यावा. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने ठसे आणि छायाचित्रे घ्यावीत. आणि गावाने आपली यादी स्वतः करावी. वेशीवर लाखो रुपयांची प्रवेश कमान उभारणाऱ्या गावाला त्याच वेशीवरच्या वीरगळासाठी चौथरा आणि चार ओळींचा खरा मजकूर जड जाऊ नये. येत्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, ग्रामसभा भरतील. गावातल्या जुन्या दगडांची नोंदवही हा विषय प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या दिवशी पत्रिकेवर घ्यावा आणि तो मांडण्यासाठी गावकऱ्यांनी आजच अर्ज द्यावा.