भांडवली खर्चाला पेढे, महसुलीला शिव्या

नवी गाडी घेतली की माणूस पेढे वाटतो. गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो आणि किल्ली हातात घेताना सहकुटुंब फोटो काढून घेतो. याच माणसाने चार वर्षांनी त्याच गाडीचं ब्रेक ऑइल बदललं म्हणून कोणाच्या हातावर पेढा ठेवल्याचं तुम्ही पाहिलंय? मी तरी नाही पाहिलं. ब्रेक ऑइल बदलणारा माणूस ते चोरून बदलतो. घरी गेल्यावर "किती झाले?" असा प्रश्न आला, तर हजाराचे सहाशे सांगतो आणि पाय धुवायच्या निमित्ताने मोरीत पळतो.

कॉमर्सला पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. ज्या खर्चाने मालमत्ता वाढते तो भांडवली, ज्या खर्चाने असलेली मालमत्ता नुसती चालू राहते तो महसुली. व्याख्या मला आजही पाठ आहे. पण या दोन खर्चांची समाजात प्रतिष्ठा किती, याबद्दल आमच्या प्राध्यापकांनी एक अक्षर सांगितलं नाही. भांडवली खर्च म्हणजे जावई. महसुली खर्च म्हणजे घरातली म्हातारी. जावई वर्षातून एकदा येतो तर त्याला पुरणपोळी. म्हातारी रोज पहाटे उठून बंब पेटवते, तर तिच्या खोकल्याचा सगळ्यांना त्रास! मी या म्हातारीच्या बाजूने भांडायला बसलो आहे.

माझ्याकडे २००३ सालची सुमो आहे. काकांनी घेतली होती; काकांचे गुडघे गेल्यावर ती माझ्याकडे आली. (हल्लीच्या गाडीत माणूस बसतो, सुमोत तो चढतो. त्याला गुडघे लागतात.) सुमो म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे जपानी पैलवान येतो त्यांच्यासाठी सांगतो, टेल्कोचे अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. गाडी १९९४ साली आली आणि २०१९ साली कारखान्यातून निघायची बंद झाली. एवढ्या काळात या महाराष्ट्रातली किती वऱ्हाडं, किती बाळंतिणी आणि किती पडेल उमेदवार तिने वाहून नेले, त्याची मोजदाद कुठल्याही खात्याकडे नसेल. आमच्या गाडीचा काटा ३ लाख ४० हजार किलोमीटरवर आहे. पृथ्वीला विषुववृत्तावरून एक प्रदक्षिणा म्हणजे ४०,०७५ किलोमीटर. तेव्हा साडेआठ प्रदक्षिणा झाल्या. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे आता फक्त ४४ हजारांचाच प्रश्न आहे.

बँकेत मला रोज एक तरी माणूस विचारतो, "अजून तीच का?" जणू मी बायकोविषयी काही बोललो आहे. आमचे कर्ज विभागातले स्नेही तर जेवणाच्या सुट्टीत डब्याऐवजी कॅल्क्युलेटर उघडतात. "बारा लाखांचं कर्ज काढ, सात वर्षं, नऊ टक्के धर. महिन्याला फक्त १९,३०७!" 'फक्त' हा शब्द उच्चारताना बँकेतल्या माणसाचा चेहरा किती सात्त्विक होतो म्हणून सांगू! मी त्याच कॅल्क्युलेटरवर पुढचं बटण दाबतो. ८४ हप्ते, एकूण १६ लाख २१ हजारांच्या वर. म्हणजे नुसतं व्याज ४ लाख २१ हजार. माझ्या गाडीवर गेल्या सात वर्षांत टायर, बॅटरी, क्लच आणि मिस्त्रीचा चहा धरून तीन लाख खर्च झालेले नाहीत. यांच्या व्याजातच माझी गाडी सात वर्षं पळून वर लाख-सव्वा लाख उरतात. यावर स्नेही म्हणतात, "अरे पण तुझ्या गाडीला किंमत काय राहिली?" किंमत! पाच लाखांच्या गाडीवर घटत्या शिलकेच्या पद्धतीने दर साल १५ टक्के घसारा काढला तर वीस वर्षांनी १९ हजार ३७९ रुपये उरतात. पण या पद्धतीची एक गंमत आहे. शिल्लक कितीही घटली तरी ती शून्य कधीच होत नाही. पाहिजे तर शंभर वर्षं मांडून बघा. माझ्या गाडीचं नेमकं तसंच आहे.

नव्या गाडीत हवेच्या पिशव्या असतात, चाक जाम होऊ न देणारे ब्रेक असतात, धूर कमी असतो, हे मला मान्य आहे. ज्याला परवडतं आणि ज्याची रोज शंभर किलोमीटर रपेट आहे त्याने जरूर घ्यावी. अर्ज माझ्याच खिडकीवर द्यावा. माझं भांडण नव्या गाडीशी नाही. माझं भांडण आहे ते जुन्या गाडीवर पैसे उधळून तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांशी.

या पंथाचे अध्वर्यू आमच्याच घरात आहेत. माझा भाचा. तो मागच्या सुट्टीत आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मामा, गाडीत दम आहे, पण लूक नाही. अपग्रेड करू." आणि त्याने यादीच काढली. पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची पट्टी, वीतभर जास्त रुंद टायर, शंभर वॉटचे बल्ब, डॅशबोर्डवर सिनेमा दिसेल एवढा पडदा. एकूण अंदाज एक लाख दहा हजार. यादीत ब्रेकचं नाव नव्हतं.

आता यादीतलं एकेक घ्या. लोखंडी बंपर बसवला की धडकेत आपल्या गाडीला ओरखडा येत नाही आणि समोरचा पादचारी मात्र जायबंदी होतो. म्हणून तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक खात्याने राज्यांना पत्र पाठवून हे बंपर बेकायदा असल्याचं कळवलं. रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर भार येतो, चाक वळवताना टायर मडगार्डला घासतो. शिवाय कारखान्याच्या आराखड्याबाहेर जाऊन गाडीत बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानेच २०१९ साली सांगितलेलं आहे. आणि शंभर वॉटचे बल्ब! वीस वर्षांची वायर, साठ वॉटसाठी बनलेली. तिच्यातून शंभर वॉट ओढायचे म्हणजे सेवानिवृत्त शिपायाला मार्चअखेरीला क्लिअरिंगला बसवण्यासारखं आहे. आधी होल्डर वितळतो, मग वायर.

जुन्या गाडीचे दिवे पिवळे का पडतात? बल्ब म्हातारा होतो म्हणून नव्हे. वीज बॅटरीतून निघते, स्विचमधून जाते, वाटेत चार गंजलेल्या जोडांना टोल देत देत बल्बपर्यंत पोचते तेव्हा तिच्यात जीव उरलेला नसतो. आमच्या वायरमनने बॅटरीवरून सरळ जाड वायर टाकून मध्ये फ्यूज आणि रिले बसवला. बल्ब तोच, ६०/५५ चा. खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाइतका. आता रात्री कुंभार्ली घाटात वळणावरचा दगड दिसतो. पण हे बाहेरून दिसत नाही ना! भाच्याने बोनेट उघडून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे एवढंच?"

एवढंच, बाबा. मधल्या सीटचे पट्टे सीटखाली गडप झाले होते ते वर काढले, तेही एवढंच. शॉकअपचे रबरी बुश बदलले, टाय रॉड एंड बदलले, तेही एवढंच. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १४१९ म्हणजे २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यात जन्म. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होतं. पण आपल्याकडे मुलीची पत्रिका पाहणारे हजार, टायरची पाहणारा एखादाच.

आणि आता ब्रेक ऑइल. हिचं माहेर चिपळूण. कऱ्हाडहून निघालं की पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्लीचा उतार. गाडीत आम्ही नऊ जण, टपावर तांदळाचं पोतं आणि परतताना फणस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कितीही झाकून ठेवा, घेतंच. डॉट-३ जातीचं कोरं ऑइल निदान २०५ अंश उष्णतेपर्यंत उकळत नाही. पाणी शिरलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ब्रेक दाबत आलं की ते तापतं, उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पाय थेट फळीला टेकतो. गाडी तशीच पुढे. टपावरच्या दिव्यांच्या पट्टीने त्या वेळी दरी जास्त स्पष्ट दिसते, एवढाच काय तो फायदा. म्हणून मी दोन वर्षांनी ऑइल बदलतो, घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याला हाताने पुढे जायला सांगतो. तोही माझ्याकडे बघून काहीतरी बोलतो. बोलू दे. मागच्या आडव्या बाकावर माझी आई बसलेली असते.

दुसरा पंथ मिस्त्री लोकांचा, 'काढून टाका' संप्रदाय. गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका! तापायचं कारण असतं गाळाने चोंदलेला रेडिएटर. गाळ कशाने? वर्षानुवर्षं ओतलेल्या नळाच्या पाण्याने. पण रेडिएटर साफ करायला दिवस लागतो आणि थर्मोस्टॅट काढायला पंधरा मिनिटं. थर्मोस्टॅटचं काम इंजिन लवकर गरम करून योग्य उष्णतेवर ठेवण्याचं. तो काढला की इंजिन गार राहतं, डिझेल जास्त पितं, आतून लवकर झिजतं. काट्यावरची उष्णता मात्र खाली दिसते आणि मालक खूश. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून टाकण्याचाच हा प्रकार आहे. एका नावाजलेल्या सर्व्हिस सेंटरात तर मला सांगण्यात आलं, "साहेब, ऑइल काळं झालंय, लगेच बदला." ते मी तेराशे किलोमीटरपूर्वी टाकलं होतं. डिझेल इंजिनात ऑइल काही दिवसांतच काळं पडतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम. पोछ्याचं फडकं मळलं म्हणून कोणी फरशी पुसणाऱ्या बाईला रागावतं का?

माझा मिस्त्री वेगळा. तो आधी धूर बघतो. काळा असेल तर हवेचा फिल्टर नाहीतर नोझल, निळा असेल तर ऑइल जळतंय, थंड इंजिन तापल्यावरही पांढरा टिकला तर मात्र तो हातातला चहा खाली ठेवतो. माझ्याकडे एक वही आहे, खतावणीसारखी. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. मिस्त्री त्या वहीला "गाडीचं पासबुक" म्हणतो, आणि पान उलटण्यापूर्वी हात पुसतो. हात पुसण्याचा हा मान आमच्या बँकेच्या पासबुकाला मी कधी मिळालेला पाहिला नाही.

आणि सरकार? सरकार वही बघत नाही, वाढदिवस बघतं. खाजगी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की नोंदणीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी. पूर्वी मोटारीला त्याचे सहाशे रुपये पडत. एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार झाले. गाडीची किंमत घटत्या शिलकेने खाली, फी चढत्या भाजणीने वर. धुरावर आणि जुन्या वाहनांवर अंकुश हवा म्हणून हे, असं म्हणतात. चांगली गोष्ट आहे. मग अंकुश कुठे ठेवायचा? दहा हजार भरले की ती गाडी पाच वर्षं रस्त्यावर मोकळी. या पाच वर्षांत तिचे ब्रेक कोणी बघत नाही. बघतात तो फक्त पीयूसीचा कागद. आणि नव्या कोऱ्या खाजगी गाडीच्या ब्रेकला तर पहिली पंधरा वर्षं कोणी विचारतच नाही. मालक पेढे वाटून घरी गेला तो गेला.

माझी मागणी उलटी आहे आणि ती ऐकून जुन्या गाडीवालेसुद्धा मला मारायला धावतील. दहा हजार घेऊ नका, पाचशे घ्या. पण दर वर्षी घ्या. आणि त्या पाचशेत चाकं रोलरवर चढवून ब्रेक तपासा, धूर मोजा, स्टिअरिंगची ढिलाई बघा, टायरचे चार आकडे वाचा. जी गाडी नापास होईल ती तीन वर्षांची असली तरी थांबवा, जी पास होईल ती तीस वर्षांची असली तरी सोडा. आमच्या बँकेत खातं किती जुनं आहे यावर कोणी दंड लावत नाही, शिलकीवर लावतात.

आमच्या गाडीचं पुढचं नूतनीकरण २०२८ साली आहे. तोवर क्लच प्लेट एकदा होईल, पुढचे बुश बहुधा दोनदा. कुलंट मात्र या दिवाळीच्या आधीच बदलायचं आहे, कारण भाऊबीजेला चिपळूणला जायचं आहे आणि या खेपेला आम्ही दहा जण आहोत.