२८२ गुणांचा विद्यार्थी



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरी पेढे, दुसऱ्या घरी दार लोटलेले. वरळीच्या बीडीडी चाळीत अशाच एका लोटलेल्या दारातून परवा आत गेलो. मुलाला ४१ टक्के पडले होते. त्याची आई म्हणाली, "भाऊ, चार दिवस झाले, ह्यांनी पोराशी बोलणं टाकलंय. कबड्डी बंद कर म्हणतात." मुलगा रोज संध्याकाळी जांबोरी मैदानावर सरावाला जातो.

बापाला मी एवढेच विचारले, "बाबासाहेबांना मॅट्रिकला किती गुण होते?" त्यांना ठाऊक नव्हते. आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते, कारण जयंतीच्या भाषणात आपण फक्त पदव्या मोजतो.

७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा साडेसदतीस. साल १९०७, शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल.

आझाद मैदानासमोरची ही शाळा सरकारी. दार सर्वांना उघडे, पण आत काय? गुरुजींनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याजवळ बोलावले, तर मागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून पोरे धावली आणि आधी डबे उचलले. संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही पुरी होऊ दिली नाही. फारशी घ्यावी लागली. घर म्हणजे लोअर परळच्या डबक चाळीतली एक खोली. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. त्या २८२ मधला एकेक गुण असा मिळवलेला आहे.

आणि त्याच गुणांचा समाजाने सत्कार केला! अध्यक्ष सीताराम केशव बोले. केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले ते याच सभेत. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात आणला, तो याच बोल्यांनी.

मग कमी गुण चालतात का? मुळीच नाही. पुढे १९१२ ला बी.ए., नंतर कोलंबिया, लंडन. पण नापास न झालेल्या पोराशी अबोला धरणे हा अभ्यासाचा कोणता मार्ग?

राहिली कबड्डी. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. अस्पृश्य म्हणून कप्तानपद मात्र त्यांना मिळू दिले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाने, विठ्ठलने मिळवले. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा मोठा अभिमान. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे त्यांच्याच विरुद्ध उभे राहिले, ती गोष्ट निराळी.) मैदानही आपल्या माणसांनी भांडून मिळवलेले आहे.

खरी अडचण जागेची. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. या घराची पाळी यायची आहे. १६० चौरस फुटांत सहा माणसे आणि टीव्ही. पोराने वही उघडायची कुठे?

बाप बराच वेळ गप्प होते. मग चप्पल घालता घालता मुलाकडे न बघताच त्यांनी विचारले, "आपलं विहार रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं रे?"