कृत्रिम डोळ्याचे ओझे पापणीवर

फटाका तोंडावर फुटतो, शेतात धसकट डोळ्यात घुसते, कारखान्यात लोखंडाचा कण उडतो, तर लहान मुलांमध्ये रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग होतो. अशा कारणांनी डोळा काढावा लागला की साधारण ६ ते ८ आठवड्यांनी कृत्रिम डोळा बसवला जातो. चेहरा पूर्ववत दिसू लागतो आणि घरच्यांना उपचार संपल्यासारखे वाटते. पापण्यांची कसोटी मात्र तिथून सुरू होते.

कृत्रिम डोळा म्हणजे काचेची गोटी, हा समज अजूनही आहे. प्रत्यक्षात ती अॅक्रिलिकची वाटीसारखी कवची असते. खोबणीत आत एक गोल रोपण असते, त्यावर नेत्रश्लेष्मल त्वचेचे आवरण आणि त्यापुढे ही कवची. खरा डोळा स्नायू आणि चरबीच्या आधाराने तोललेला असतो. कवचीला तसा आधार नसतो. तिचा बराचसा भार खालची पापणी पेलते.

वर्षानुवर्षे हा भार सोसून खालची पापणी सैल पडते व लोंबू लागते. दुसरीकडे खोबणीतील चरबी आक्रसते आणि जागा बदलते. त्यामुळे वरच्या पापणीच्या वर खळगा पडतो आणि पापणी उचलणाऱ्या स्नायूचा आधार गेल्याने ती झुकते. हा खळगा भरण्यासाठी अनेकदा अधिक जाड कवची बनवली जाते. काही काळ चेहरा चांगला दिसतो, पण वाढलेल्या वजनाने खालची पापणी आणखी ओघळते. शेवटी कवची निसटून पडू लागते. अशा वेळी आतली पोकळी शस्त्रक्रियेने भरणे, पापणी बाहेरच्या कोपऱ्यात ताणून घट्ट करणे आणि मग हलकी कवची बसवणे, हा क्रम अधिक टिकाऊ ठरतो.

दुसरा प्रश्न घर्षणाचा. कवचीवर सूक्ष्म ओरखडे पडतात, स्रावांचा थर साचतो. प्रत्येक उघडझापीला पापणीची आतली बाजू त्यावर घासते. तिथे पुरळासारखे उंचवटे येतात, चिकट चिपडे वाढतात. अनेक जण ‘डोळे आले’ समजून दुकानातून थेंब आणतात. पण खरबरीत कवचीला पॉलिश केल्याशिवाय हा त्रास थांबत नाही. स्वच्छतेच्या नावाखाली कवची सारखी काढघाल केल्यानेही दाह वाढतो. तो वर्षानुवर्षे चालला तर आतले आवरण आक्रसते, पापणीची कड आत वळते, केस टोचतात आणि कवचीला जागाच उरत नाही. मग ओठाच्या आतली त्वचा काढून तिथे जोडण्याची वेळ येते.

कृत्रिम डोळे पूर्वी काचेचे असत. जर्मनीतून येणाऱ्या या काचेचा पुरवठा दुसऱ्या महायुद्धात बंद झाला आणि अमेरिकेत कवळीसाठी वापरले जाणारे अॅक्रिलिक पुढे आले. काचेचा डोळा झिजत असल्याने दर एक-दोन वर्षांनी बदलावाच लागे. अॅक्रिलिक टिकाऊ असल्याने मात्र तोच डोळा १५-२० वर्षे वापरणारेही आढळतात. कवची तशीच राहते, पण तिच्यामागची खोबण बदललेली असते. म्हणूनच वर्षातून किमान एकदा तपासणी व पॉलिश आणि साधारण ५ वर्षांनी नवी कवची असा सल्ला दिला जातो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ती याहून लवकर बदलावी लागते.

हा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या निकषांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याची दृष्टी चांगली असली, तर अपंगत्व ३० टक्के धरले जाते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील आरक्षणासारखे महत्त्वाचे लाभ ४० टक्क्यांपासून पुढे मिळतात. साहजिकच आयुष्यभराच्या देखभालीचा भार बहुतेक वेळा कुटुंबावर येतो. मापाची कवची परवडत नाही म्हणून तयार कवचीवर भागवले जाते. ती खोबणीत नीट बसली नाही की पापणीच्या तक्रारी वाढतात.

कवची वारंवार निसटणे, रक्तमिश्रित स्राव, केस टोचणे किंवा पापण्या नीट न मिटणे ही लक्षणे दिसताच ऑक्युलोप्लास्टी तज्ज्ञांना दाखवायला हवे. सुरुवातीला जे काम पॉलिशने भागते, त्याला उशीर झाल्यास शस्त्रक्रिया लागते. डोळा बसवताना रुग्णाच्या हाती पुढच्या तपासणीची तारीख दिली, तरी यातले बरेच टळेल.