पत्र्याच्या पेटींतलें कर्ज

चऱ्होलीवरून इंद्रायणीचें जें पाणी वाहतें तें देहूकडून येतें. ह्याच नदींत तुकोबारायांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें बुडविलीं, ही हकीकत आमच्या घरोघरच्या बायामुलांस ठाऊक आहे. सन १६३० च्या सुमारास दुष्काळानें मुलूख उजाड केला, तुकोबांची पहिली बायको त्यांत गेली, आणि पिढीजात महाजनकी असलेल्या ह्या कुणब्यानें कुळांकडील खतांपैकीं धाकट्या भावाचा हिस्सा त्याच्या हवालीं करून आपला हिस्सा डोहांत सोडून दिला. कीर्तनांत ही कथा ऐकून आम्ही माना डोलवितों. पण तींतील एक गोष्ट आमच्या ध्यानांत राहत नाहीं. खतें बुडविलीं तीं सावकारानें. कुळानें कागद दृष्टीआड केला म्हणून कर्ज बुडत नाहीं. तें पेटींत बसून वाढतें.

ही पत्र्याची पेटी आमच्या पुष्कळ घरांत आहे. तींत सोसायटीची थकबाकीची नोटीस असते, बँकेचें न फोडलेलें पाकीट असतें, सोनाराकडील गहाणाची चिठ्ठी असते, बीं-खताच्या दुकानदाराचें बिल असतें. लेकीच्या लग्नांत मेहुण्याकडून घेतलेल्या हातउसन्या पैशाचा तर कागदही नसतो. तो मेहुणा मात्र जत्रेला येईनासा होतो. अलीकडे पोरांच्या मोबाईलमध्यें आणखी एक पेटी झाली आहे, आणि तिला कुलूपही नाहीं.

बंधूंनो, कर्ज हें उधळेपणाचें फळ आहे असें म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांचा आमचा पक्ष एक नव्हे. चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोराचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो, आणि त्यांत एखादें आजारपण आलें कीं कर्ज हें काढावेंच लागतें. कर्ज काढल्याचा दोष आम्ही देत नाहीं. तें न मोजण्याचा देतों.

ह्या जिल्ह्यानें हा प्रश्न हातांत काठी घेऊनही सोडवून पाहिला आहे. सन १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं सावकारांवर बहिष्कार पडला. न्हावी, परीट, पाणक्या यांनीं त्यांचीं कामें बंद केलीं. म्हणजे त्या लढ्यांत नांगर्‍याबरोबर बलुतेदारही उभा होता, हें आमच्या कारागीर वाचकांनीं विसरूं नये. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजारांत दंगा उसळला. लोकांची मागणी एकच होती, खतें बाहेर काढा. सरकारनें चौकशी नेमली, आणि सन १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ देणें किती व व्याज किती हें पाहण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली. चार वर्षांनीं जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यावेळच्या कुणब्यास आपण कशावर आंगठा करतों हें वाचतां येत नव्हतें. त्याची लूट अज्ञानांतून झाली. त्याच्या पणतवास वाचतां येतें, आणि तो पाकीट फोडीत नाहीं! मग विद्या मिळवून काय केलें?

चऱ्होलीसारख्या गांवांत ह्या भीतीस आणखी एक धार आहे. सन १९९७ त चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेंत गेली, आणि जमीन बिघ्यानें मोजणारे लोक गुंठ्यानें मोजूं लागले. ज्याच्यापाशीं चार गुंठे उरले आहेत तो मनांत म्हणतो, ‘फारच झालें तर एक गुंठा काढूं.’ हें वाक्य सावकारासही ठाऊक आहे. त्याला व्याज नको असतें. त्याला गुंठा हवा असतो. म्हणून तो तारण म्हणून खरेदीखतच लिहून मागतो, आणि ‘पैसे दिलेस कीं फिरवून देऊं’ असें तोंडीं सांगतो. असा कागद करूं नका. केला असेल तर गप्प बसूं नका. महाराष्ट्राच्या सन २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वयें बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारींतून पंधरा वर्षांच्या आंत गेलेली जमीन चौकशीअंतीं परत करण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास आहे. पण अर्ज तुम्हांसच करावा लागेल.

आतां पेटी उघडावयाची कशी? एके रात्रीं जेवणें झाल्यावर घरधनिणीस शेजारीं बसवावें. पुष्कळ घरांत तिचें मंगळसूत्र गहाण पडलेलें असतें आणि बाकीचें देणें किती हें तिला ठाऊक नसतें. ही आम्हांस मोठी लाजिरवाणी गोष्ट वाटते. पोराच्या वहीचें कोरें पान घ्यावें. कोणाचें, केव्हां घेतलें, मुद्दल किती, दिलें किती, व्याज काय. व्याजाचा रकाना सोडूं नये, कारण खरी मेख तेथेंच आहे. शेंकडा पांच हा दर ऐकावयास लहान वाटतो. तो दरमहाचा असतो. वीस हजारांवर महिना एक हजार, आणि वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढें! सोसायटीचें कर्ज त्यामानानें सौम्य, पण मुदत चुकली कीं व्याजाची सवलत जाते. म्हणून जो दारांत येऊन ओरडतो त्याला आधीं, असें न करतां ज्याचें व्याज जबर त्याला आधीं द्यावें. मेहुण्यास मात्र पांचशें कां होईना दरमहा पोंचते करावे व तसें तोंडानें सांगावें. तो व्याज घेत नाहीं, पण त्यानें अब्रू सांभाळली आहे.

कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यांस एवढेंच सांगतों कीं सन २०१७ ची आणि सन २०१९ ची, दोन्ही माफ्या बँका व सोसायट्यांच्या शेतीकर्जाच्या होत्या. सोनाराची चिठ्ठी त्यांत फाडली गेली नाहीं. आणि लग्नांतला मांडव, बेंडबाजा, भटजींची दक्षिणा हें सारें उसन्या पैशांत करावयाचें, ह्याविरुद्ध सत्यशोधक समाज सन १८७३ पासून ओरडत आहे. आम्ही पुनः ओरडतों.

वसुलीवाल्यास भिऊं नये. बँकेच्या वा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसानें सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर फोन करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें सन २०२२ त बजाविलें आहे. हुकूमनामा झाला तरी सुताराचा रंधा, लोहाराचा भाता, शेतकऱ्याचीं आउतें, आणि कोर्टास जरूर वाटतील ते बैल व बीं यांवर दिवाणी कायद्याप्रमाणें जप्ती येत नाहीं. जुन्या देण्यावर सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते; म्हणून कोणी सहज म्हणून कबुलीची सही मागितली तर आधीं वकिलास विचारावें, कारण मुदतींत केलेल्या अशा सहीनें मुदत नव्यानें चालूं होते. खऱ्या देण्यास मुदतीची सबब सांगावी कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. मेहुण्याच्या बाबतींत तरी आमचें मत वर दिलेंच आहे.

वहीचें पान कसें आंखावें हें कित्येकांस कळणार नाहीं. पुढील अंकीं एका सुताराच्या घरचें नमुन्याचें खातें रकान्यांसह छापूं. तोंपर्यंत निदान पाकिटें फोडून ठेवावीं.